आईच्या काळजीसाठी नोकरी सोडली. आर्थिक मदत कोठून आणि कोणाच्या नावाने मिळू शकते?

प्रश्न (नंदनवन, नागपूर)

नमस्कार. मी ४९ वर्षांची असून नंदनवन परिसरात आईसोबत राहते. आईचे वय ७६ आहे. दोन वर्षांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू निकामी झाली, बोलणे बरेचसे गेले, आणि अलीकडे तिला दिवस कोणता, सकाळ की संध्याकाळ, याचेही भान पुष्कळदा राहत नाही. इतवारीतील एका पेढीत मी सोळा वर्षे हिशेब लिहिण्याचे काम केले. सुरुवातीला एजन्सीची बाई दिवसभरासाठी ठेवून नोकरी टिकवण्याचा प्रयत्न केला. परंतु बाया सारख्या बदलत राहिल्या, कूस बदलणे वेळेवर होईना आणि आईच्या कमरेखाली जखम झाली. ती जखम भरून येईपर्यंत घरीच थांबावे लागले आणि त्यानंतर नोकरीवर परत जाता आले नाही.

आमचे उत्पन्न असे आहे. वडील कापड गिरणीत होते, त्यांच्यामागे आईला भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून दरमहा १,६४० रुपये निवृत्तिवेतन मिळते. वरची खोली भाड्याने दिली आहे, तिचे ४,५०० रुपये येतात. भाऊ पुण्याला नोकरीत आहे आणि तो दरमहा ८,००० रुपये पाठवतो. औषधे, डायपर, फिजिओथेरपी, किराणा, वीज आणि रात्रीच्या जागरणामुळे आठवड्यातून काही वेळ ठेवावी लागणारी बाई, असा सगळा खर्च १९ हजारांच्या आसपास जातो, आणि वरची तोंडमिळवणी माझ्या शिल्लक रकमेतून होते. ही शिल्लक फार काळ पुरणारी नाही.

मला विचारायचे आहे ते असे. घरी राहून आई-वडिलांचा सांभाळ करणाऱ्या व्यक्तीला सरकारकडून काही भत्ता मिळतो का? निराधार योजनेत आईचे नाव लागू शकेल का? भावाला करात काही सूट मिळत असेल तर ती कशी घ्यावी? आणि भावाकडे अधिक रकमेचा विषय संबंध न बिघडवता कसा काढावा? तो वाईट नाही, परंतु येथे रोज काय लागते याची त्याला कल्पना नाही.

उत्तर १ (महसूल विभागातून निवृत्त, सिव्हिल लाइन्स)

ताई, आपण आकडे स्पष्ट दिलेत म्हणून उत्तरही स्पष्ट देता येते. आपल्या राज्यातील योजनांचा पैसा रुग्णाच्या किंवा वृद्धाच्या नावाने येतो, सांभाळणाऱ्याच्या नावाने नाही. केरळमध्ये अंथरुणाला खिळलेल्यांची पूर्णवेळ शुश्रूषा करणाऱ्यांना दरमहा ६०० रुपये देणारी 'आश्वासकिरणम्‌' ही योजना आहे. तेथेही रक्कम किती तुटपुंजी आहे हे आपण पाहताच. म्हणून 'माझ्यासाठी काय आहे' याचा शोध थांबवून 'आईच्या नावाने काय काय उभे करता येईल' याकडे वळावे, कारण आईचा जो खर्च दुसरीकडून भागेल तेवढीच आपल्या शिलकीवरची ओढ कमी होईल.

निराधार योजनेविषयी सांगतो. वय ६५ च्या वर असल्याने आईंना संजय गांधी निराधार नव्हे, तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना लागू होते. तिची रक्कम दरमहा १,५०० रुपये आहे, दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती २०२५ मध्ये २,५०० करण्यात आली. परंतु कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे आणि दिव्यांगांसाठी ५०,०००. आपल्याकडे निवृत्तिवेतन आणि भाडे मिळूनच वर्षाला ७३,६८० रुपये होतात. त्यामुळे आपण या योजनेत बसत नाही. भाडे न दाखवता उत्पन्नाचा दाखला काढून देतो असे सांगणारे लोक तहसील कार्यालयाच्या आवारात भेटतील. त्यांच्या नादी लागू नये. पडताळणीत प्रकरण उघडे पडले तर दिलेली रक्कम वसूल होते, आणि ज्यांच्या घरी खरोखर काहीच येत नाही अशा म्हाताऱ्यांची प्रकरणे अशाच कारणांनी संशयाने पाहिली जातात, हे मी नोकरीत असताना जवळून पाहिले आहे. मर्यादा अन्यायकारक कमी आहे, हे मात्र मलाही मान्य आहे. २१,००० रुपयांत आज एका माणसाचा वर्षाचा औषधखर्चही भागत नाही.

उत्पन्नाचा खरा दाखला मात्र अवश्य काढा, कारण तो पुढे तीन ठिकाणी उपयोगी पडतो. पहिले ठिकाण म्हणजे मुख्यमंत्री वयोश्री योजना. तिची मर्यादा दोन लाखांची आहे आणि ६५ वर्षांवरील व्यक्तीला चष्मा, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची, वॉकर अशा साहित्यासाठी एकरकमी ३,००० रुपये थेट बँक खात्यात दिले जातात. दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात समाज कल्याण विभागाचे कार्यालय आहे, तेथे चौकशी करावी आणि खरेदीची पावती जपून ठेवावी. दुसरे ठिकाण केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना. तिच्यात दारिद्र्यरेषेखालील किंवा मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असलेल्या ज्येष्ठांना 'अलिम्को' या केंद्र सरकारच्या उपक्रमाकडून साहित्य विनामूल्य मिळते. त्यासाठी आधी तपासणीचे आणि मग वाटपाचे शिबिर होते, म्हणून शिबिर कधी आहे यावर लक्ष ठेवावे लागते. तिसरे ठिकाण धर्मादाय रुग्णालये. सार्वजनिक न्यासाच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने राखून ठेवाव्या लागतात. निर्धनांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार आहे. दाखल करतेवेळीच रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकाकडे दाखला द्यावा. बिल तयार झाल्यानंतर ही सवलत मिळवताना फार ओढाताण होते.

आणि सर्वांत आधी जे करायचे ते म्हणजे आईचे आयुष्मान वय वंदना कार्ड. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. त्यासाठी आधार एवढाच कागद लागतो. पक्षाघातात अंगठ्याचे ठसे जुळत नाहीत असा अनुभव येतो, तेव्हा आधारला जोडलेल्या मोबाइलवरच्या सांकेतिक क्रमांकाने किंवा चेहऱ्याच्या ओळखीने नोंदणी करून घ्यावी. एवढे ध्यानात असू द्यावे की हे संरक्षण दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचे आणि त्यानंतरच्या १५ दिवसांचे आहे. घरची औषधे, डायपर आणि बाईचा पगार त्यातून मिळत नाही.

उत्तर २ (चार्टर्ड अकाउंटंट, धरमपेठ)

भावाच्या करासंबंधीच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण आपल्या कुटुंबात पैसा मोकळा होण्याची सर्वांत मोठी जागा मला तेथेच दिसते. कलमांचे क्रमांक १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील सांगत आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा लागू होत असल्याने क्रमांक बदलतात, तेव्हा त्या वर्षापुढील विवरणपत्र भरताना नवे क्रमांक पाहून घ्यावेत.

कलम ८०-डीडी अन्वये, दिव्यांग आणि आपल्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांच्या उपचारांवर, शुश्रूषेवर किंवा पुनर्वसनावर खर्च करणाऱ्या व्यक्तीला ठरावीक वजावट मिळते. दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक असेल तर ७५,००० आणि ८० टक्के वा अधिक असेल तर १,२५,००० रुपये. यात शुश्रूषेचा उल्लेख कायद्यातच आहे, म्हणून बाईचा पगारही या खर्चात धरता येतो. आणि प्रत्यक्ष खर्च वजावटीपेक्षा कमी झाला तरी वजावट पूर्ण मिळते. याशिवाय ८०-डी अन्वये, ज्या ज्येष्ठ आई-वडिलांचा आरोग्य विमा उतरवलेला नाही त्यांच्या औषधोपचारांवर केलेल्या खर्चाची ५०,००० रुपयांपर्यंत वजावट आहे, मात्र तो खर्च रोखीने केलेला चालत नाही. औषधांचे पैसे भावाने थेट दुकानदाराच्या खात्यात पाठवण्याची व्यवस्था करावी आणि बिल आईच्या नावाने घ्यावे.

आता हिशेब पाहा. भाऊ ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर १,२५,००० रुपयांवर उपकरासह ३९,००० आणि ५०,००० रुपयांवर १५,६०० रुपये कर वाचतो. दोन्ही मिळून ५४,६०० रुपये, म्हणजे महिन्याला ४,५५० रुपये. ही रक्कम त्याच्या खिशातून जास्तीची जात नाही. आईच्या आजारपणाच्या नावाने वाचलेला कर आईच्या घरी यावा, एवढेच त्याला सांगायचे आहे, आणि माझ्या मते भावाशी बोलण्याची सुरुवात येथूनच करावी.

दोन अटी मात्र आहेत. पहिली अशी की या वजावटी जुन्या करप्रणालीतच मिळतात. भावाने नवी प्रणाली निवडलेली असेल तर दोन्ही पद्धतींनी कर काढून पाहावा. गृहकर्ज आणि भविष्य निर्वाह निधी यांची वजावट असलेल्या अनेक पगारदारांचा तोल या दोन रकमांमुळे जुन्या प्रणालीकडे झुकतो, सर्वांचा नाही. दुसरी अट अशी की आई भावावर 'पूर्णतः किंवा मुख्यतः' अवलंबून असल्या पाहिजेत. आईंचे स्वतःचे उत्पन्न ७३,६८० रुपये आणि खर्च सव्वादोन लाखांच्या पुढे असल्याने हे दाखवता येण्यासारखे आहे, परंतु भावाकडून येणारी रक्कम आईच्या स्वतःच्या उत्पन्नापेक्षा ठळकपणे अधिक असेल तर बाजू भक्कम होते. सध्याचे वर्षाचे ९६,००० रुपये ही सुरुवात आहे.

आणखी एक कलम लोक येथे चुकीने लावतात. ८०-डीडीबी हे विशिष्ट आजारांसाठी आहे आणि ज्येष्ठांसाठी त्याची मर्यादा एक लाख रुपये आहे, पण पक्षाघात हा आजार त्या यादीत नाही. स्मृतिभ्रंश, कंपवात आणि वाचा जाणे हे विकार ४० टक्क्यांवर दिव्यांगत्व असेल तेव्हा त्यात येतात. आईंचे बोलणे गेले आहे आणि भान हरपते आहे, तेव्हा मेंदुविकारतज्ज्ञांकडून निदान आणि टक्केवारी लेखी घेतल्यास या कलमाचाही विचार होऊ शकेल.

भाऊ आपल्याला जी रक्कम पाठवेल ती आपल्या हातात करपात्र नाही. बहीण-भाऊ कायद्याने 'नातेवाईक' आहेत आणि त्यांच्यातील देणगीवर कर लागत नाही. तेव्हा ती बँकेतूनच घ्यावी, हातात नको.

उत्तर ३ (प्रतापनगर)

मी सासूबाईंची चार वर्षे शुश्रूषा केली. वर दिव्यांगत्वाच्या टक्केवारीवर इतके काही अवलंबून आहे असे सांगितले गेले, म्हणून ते प्रमाणपत्र प्रत्यक्षात कसे मिळते ते लिहिते.

अर्ज आधी 'स्वावलंबन' संकेतस्थळावर भरायचा, त्यात रुग्णालय निवडायचे, आणि मग रुग्णाला घेऊन जायचे. आमचे काम मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) झाले, मेयोतही (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) होते. पक्षाघातात झटक्यानंतर सहा महिने उलटल्याशिवाय टक्केवारी ठरवत नाहीत, आपली ती अडचण नाही. सोबत झटक्याच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, मेंदूचा सीटी किंवा एमआरआय, चालू औषधांची चिठ्ठी, आधार आणि छायाचित्रे ठेवावीत. सर्व कागदांच्या झेरॉक्स आधीच काढून न्याव्यात. सकाळी लवकर जावे, कारण तपासणीच्या दिवशी रांग मोठी असते आणि आपला माणूस खुर्चीवर फार वेळ बसू शकत नाही. आमच्या सासूबाईंसाठी आम्ही चाकाच्या खुर्चीवर हवेची गादी ठेवली, पाठीशी लोड लावला, सोबत बदलण्याचे कपडे आणि साखर-मिठाचे पाणी घेतले, आणि एक माणूस रांगेत तर एक माणूस त्यांच्याजवळ सावलीत अशी वाटणी केली. एप्रिल-मेमध्ये हे काम मुळीच काढू नये. ऊन उतरल्यावर, पावसाळा लागल्यावर जावे.

आणि एक सांगते, तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारले की 'हे जमते का', तर आपण आईच्या मानासाठी 'थोडे थोडे जमते' असे म्हणून जातो. तसे म्हणू नये. आधाराशिवाय बसता येते का, घास स्वतः तोंडात नेता येतो का, संडास-लघवीची जाणीव राहते का, हे जसे आहे तसे सांगावे. बोलणे गेल्याचेही वेगळे सांगावे, म्हणजे हात-पायांसोबत वाचेचीही तपासणी होते; नाहीतर फक्त हात-पाय पाहून टक्के लिहिले जातात.

बँकेचेही लिहिते. सही होत नसेल तर बँक खाते अडकले असे समजू नये. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे दोन साक्षीदारांसमोर अंगठ्याचा ठसा घेऊन पैसे काढता येतात, त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो, आणि सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरी येऊन सेवा द्यावी असेही बँकांना सांगितलेले आहे. शाखेत गेल्यावर पहिल्यांदा 'असे होत नाही' हेच ऐकायला मिळते. शाखाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज दिला की मार्ग निघतो. निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्यासाठी आईला हलवण्याची गरज नाही. मोबाइलवर चेहऱ्याच्या ओळखीने तो घरीच काढता येतो, किंवा पोस्टमन घरी येऊन काढून देतो. आपल्या आईंच्या योजनेत तो वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो, म्हणून नोव्हेंबरची गर्दी टाळावी.

औषधे जनऔषधी केंद्रातून घ्यावीत. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी, या तिन्हींत आमचा खर्च निम्म्याहून खाली आला. गोळीचे मूळ नाव डॉक्टरांकडून ठळक अक्षरांत लिहून घ्यावे लागते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढलेच नव्हते, कारण आई आता कोठे नोकरीला किंवा प्रवासाला जाणार आहे, असे वाटून गेले. ते भावाच्या करापर्यंत जाऊन पोहोचते हे मला कोणी सांगितले नव्हते. नातेवाइकांपैकी काहीजण म्हणतात की घर आईच्या नावावर आहे, तर ते बक्षीसपत्राने तू आताच स्वतःच्या नावावर करून घे, म्हणजे तुझ्या कष्टांचे काहीतरी होईल. दुसरे म्हणतात की भावावर पोटगीचा अर्ज कर. मला दोन्ही मार्ग जड वाटतात. कायद्याची जाण असणाऱ्यांनी कृपया सांगावे. तसेच माझा भविष्य निर्वाह निधी शेवटची अकरा वर्षे कापला जात होता, तो आता काढून घ्यावा का?

उत्तर ४ (वकील, जिल्हा न्यायालय, नागपूर)

बक्षीसपत्र करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण लिहिता की आईंना दिवस-वेळेचे भान राहत नाही आणि त्यांना बोलता येत नाही. अशा अवस्थेत केलेला दस्त उद्या न्यायालयात टिकवणे अतिशय कठीण जाईल, आणि ज्या भावाशी संबंध टिकवायचे आहेत त्याच्याशी वर्षानुवर्षे दावा चालेल. आईंना काही वेळा पूर्ण समज असते असे डॉक्टर लेखी देत असतील, तर दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्राचा विचार होऊ शकतो, पण तोही भावाला कळवून. अन्यथा, आपणास हिंदू उत्तराधिकार कायदा लागू असेल, तर आईंच्या मागे घर मुलगा आणि मुलगी यांच्याकडे सारख्याच हिश्श्याने येते.

पोटगीविषयी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, २००७ अन्वये अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे होतो. अर्ज आईचा असतो. तिला शक्य नसेल तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. जास्तीत जास्त १०,००० रुपये महिना मंजूर होऊ शकतात आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. हा कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. विवाहित मुलीवरही आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेखाली, ठरवले होते. सांगण्याचे कारण असे की कायद्याच्या दृष्टीने आपल्यावरही तेवढीच जबाबदारी आहे आणि आपण ती श्रमाच्या रूपाने पार पाडत आहात, भावाने ती पैशाच्या रूपाने पार पाडायची आहे. आपला भाऊ आजच ८,००० रुपये देतो. दहा हजारांची कमाल मर्यादा असलेल्या मार्गाने जाऊन आपल्या हाती जास्तीचे दोन हजार येतील आणि भाऊ दुरावेल. याच कायद्यात समेट अधिकाऱ्याची तरतूद आहे, तिचा उपयोग शेवटी, बोलणे अगदीच खुंटले तर करावा.

मी माझ्या अशिलांना जे करायला सांगतो ते असे. बहीण-भावांनी बसून एक लेखी करारपत्र करावे. त्यात आईच्या खर्चाचे अंदाजपत्रक असावे, कोण किती देणार हे असावे, आणि सांभाळणाऱ्या बहिणीच्या श्रमाचा दरमहा मोबदला वेगळ्या रकान्यात असावा. हा रकाना बहुतेक घरांत नसतो आणि सगळ्या कडवटपणाचे मूळ तेथे असते. बाहेरची बाई बारा तासांसाठी जी रक्कम घेते तिच्या निम्मी रक्कम जरी बहिणीच्या नावाने ठरली, तरी तिच्या म्हातारपणाची काही सोय होते. याच करारपत्रात 'पुढे घराचा माझा हिस्सा तुला सोडतो' असे मात्र लिहू नये. आई हयात असताना भावी वारसाहक्काचा सौदा कायद्याने करता येत नाही आणि ते कलम निरर्थक ठरते. बाकीचा मजकूर ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करून दोघांनी सह्या कराव्यात.

आपल्याला वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य साहाय्य मिळते आणि दावा दाखल करण्याआधी मध्यस्थीही करून मिळते. प्राथमिक चौकशीसाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ हीसुद्धा चांगली आहे.

उत्तर ५ (सध्या पुणे, मूळ घर महाल, नागपूर)

मी या चर्चेतील भावाच्या जागी आहे, म्हणून लिहितो. माझे वडील महालातल्या घरी आहेत आणि मोठी बहीण त्यांना सांभाळते. बऱ्याच काळापर्यंत मी एक रक्कम पाठवत होतो आणि ती पुरते असे धरून चालत होतो, कारण ताई कधी काही मागत नसे. एकदा तिने महिन्याचा हिशेब पाठवला. त्यात औषधांचे, डायपरचे आणि ऑटोचे आकडे होतेच, पण शेजारी तिने तासही लिहिले होते: रात्री दोनला कूस बदलणे, पहाटे पाचला पुन्हा, आंघोळीला पाऊण तास, भरवायला दर वेळी अर्धा-पाऊण तास. कोठेही तक्रारीचा शब्द नव्हता. तो कागद पाहिल्यावर रक्कम वाढवण्याबद्दल तिला काहीही बोलावे लागले नाही. आपण तर हिशेबातील जाणकार आहात. असा महिन्याचा तक्ता भावाला पाठवावा आणि करवजावटीचा हिशेब त्यासोबत द्यावा.

दुसरे असे की वर्षातून पंधरा दिवस भावाने नागपूरला येऊन आईपाशी राहावे आणि त्या काळात आपण घराबाहेर राहावे, हेही करारपत्रात लिहून घ्यावे. हे पैशाइतकेच महत्त्वाचे आहे. तो सरकारी नोकरीत असेल तर आई-वडिलांच्या देखभालीसाठी अर्जित रजा घेता येते. खाजगी नोकरीत घरून काम करण्याची सोय असेल तर ती वापरता येते. मी दिवाळीच्या पुढे आणि एकदा उन्हाळ्यात येतो.

उत्तर २ च्या लेखकाची पुरवणी

भविष्य निर्वाह निधीबद्दल आपण विचारले होते. अकरा वर्षे अंशदान झाले असल्याने निवृत्तिवेतनाचा हक्क आपल्याला लागू झाला आहे. त्यासाठी दहा वर्षांची सेवा पुरते. निवृत्तिवेतनाचा हिस्सा आता रोख काढता येणार नाही, त्याऐवजी 'योजना प्रमाणपत्र' घेऊन ठेवावे. त्याच्या आधारे ५८ व्या वर्षापासून निवृत्तिवेतन सुरू होते. पन्नाशीनंतर ते आधीही घेता येते, परंतु प्रत्येक वर्षामागे चार टक्के कमी होतात. आपण पुढच्या वर्षी पन्नाशीत प्रवेश कराल आणि तेव्हा कोणीतरी 'आताच सुरू करून टाका' असे सांगेल. आठ वर्षे आधी घेतले तर रक्कम आयुष्यभरासाठी एक चतुर्थांशाहून अधिक घटेल, हे लक्षात घेऊन शक्य तोवर थांबावे.

निधीची मुद्दल रक्कम मात्र वेगळी आहे. ती काढण्याचा मोह होईल, परंतु तिच्यावर व्याज चालू राहते आणि आपल्यासाठी ती शेवटची शिल्लक आहे. आईच्या खर्चातली तूट या रकमेतून भरू नये. तूट भरण्याची जागा भावाची करवजावट, आयुष्मान कार्ड आणि जनऔषधी ही आहे. आताच करण्याजोगे काम म्हणजे संकेतस्थळावर आपले नामनिर्देशन तपासून पाहणे. अविवाहित मुलींच्या खात्यात नोकरी लागतेवेळी वडिलांचे नाव घातलेले असते आणि ते तसेच राहून जाते. आपल्या वडिलांचे निधन झाले आहे, तेव्हा तेथे दुसरे नाव लावून घ्यावे.

भावाकडून श्रमाच्या मोबदल्याची रक्कम सुरू झाली की त्यातील काही हिस्सा, अगदी पाचशे रुपये का असेना, स्वतःच्या नावाच्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत दरमहा टाकावा. वर्षाला किमान ५०० रुपये भरले तरी ते खाते चालू राहते. आणि करारपत्राचा मसुदा तयार झाल्यावर सह्या करण्याआधी खर्चाचे रकाने मला येथेच दाखवावेत. ८०-डीडीच्या दृष्टीने शुश्रूषेचा खर्च कोणत्या शब्दांत लिहिलेला असावा, हे मी पाहून देईन.